जावळाची पूर्वतयारी

मूल जन्मास आले की त्याचे कौतुक करण्यास आपल्या घरांत निमित्तांची वाण नसते. बारशाला नाव कोणते ठेवावे, उष्टावणाची खीर कोणी भरवावी, बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने घरी करावेत की विकत आणावेत, या प्रश्नांचा माजघरात तासन्‌तास खल होतो. मुंजीचे तर बोलावयासच नको. जावळाच्या वाट्याला मात्र असे भाग्य नाही. पंचांग पाहिले, न्हाव्यास निरोप गेला, मुलाच्या मामाला कळविले, की तयारी झाली असे सर्वजण समजतात. ज्याच्या डोक्यावरून वस्तरा फिरावयाचा, त्या अडीच-तीन वर्षांच्या जीवाला काही सांगावयाचे असते ही गोष्ट कोणाच्या ध्यानीमनीही नसते. मग ऐन वेळी दोघांनी हात धरावेत, एकाने डोके दाबावे, मुलाने किंकाळ्या फोडाव्यात आणि वडीलधाऱ्यांनी ‘रडतातच मुले!’ म्हणून पेढे वाटावेत, असा प्रकार होतो.

यंदा वैशाखात आमच्या धाकट्या नातवाचे जावळ दाभोळच्या घरी उतरविले. त्या निमित्ताने जे पाहिले आणि जे करून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

प्रथम एक खुलासा. जावळ आणि चौल हे शब्द आपण एकाच अर्थी वापरतो, पण जावळ हा लौकिक आचार व चौल हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार. मनूने चौलास पहिले किंवा तिसरे वर्ष सांगितले आहे. आमचे घराणे ऋग्वेदी, आणि आमच्या आश्वलायन गृह्यसूत्रात तिसरे वर्ष अथवा कुळाचार, असे आहे. हल्ली पुष्कळ घरी चौल मुंजीच्याच दिवशी सकाळी उरकून घेतात व लहानपणी नुसते जावळ काढतात. आमच्याकडेही तसेच व्हावयाचे. परंतु थोरल्या वहिनींनी धर्मसिंधूची आठवण करून दिली. हा ग्रंथ ज्यांनी इ. स. १७९० च्या सुमारास पुरा केला ते काशीनाथशास्त्री उपाध्याय, म्हणजे पंढरपूरचे बाबा पाध्ये, मूळचे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील गोळवलीचे. त्यामुळे वहिनींना त्यांच्याविषयी माहेरच्या माणसाइतकी आपुलकी. मातेच्या गर्भास पाच महिने झाल्यावर लहान मुलाचे चौल करू नये, असा निर्बंध आहे. आणि आमच्या धाकट्या सूनबाईंस तेव्हा चौथा महिना सरत आलेला. तेव्हा करावयाचे तर वैशाखातच, नाही तर पुढे ढकलणे प्राप्त. या घाईनेच सर्व प्रश्न उभा केला. कारण बाळाची तयारी मुळीच नव्हती. नव्हे, विरुद्ध दिशेने झालेली होती.

त्याचे असे झाले की, फाल्गुनात पुण्यातील एका केशकर्तनालयात त्याला बापाने सहज म्हणून नेले होते. तेथील माणसाने विजेवर चालणारे यंत्र एकदम मुलाच्या कानाशी सुरू केले. मूल खुर्चीतून खाली उतरले ते ओरडतच, आणि त्यानंतर कंगवासुद्धा डोक्याला लावू देईना. घरात शिलाईचे यंत्र सुरू झाले तरी दोन्ही हात डोक्यावर जात.

केस कापताना वेदना होत नाहीत हे मोठ्यांना ठाऊक असते. केसाचा जिवंत भाग कातडीखालच्या मुळाशी. वर दिसतो तो धागा निर्जीव, म्हणूनच कात्री लागली तरी काही कळत नाही. पण हे मुलाला कसे कळावे? त्याच्या हिशेबी बोट जसे आपले, नाक जसे आपले, तसेच केस. एकदा तोडलेली वस्तू पुन्हा उगवते याचा अनुभव त्याला कोठून असणार?

आमच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली, आणि ती आमच्या भाषेतली आहे. मूल रांगू लागल्यापासून आपण त्याला दिवसातून दहा वेळा काय सांगतो? विळीजवळ गेले की ‘अरे, कापेल!’, सुरीला हात लावला की ‘कापेल हं, बाऊ होईल!’ ‘कापणे’ म्हणजे रक्त आणि बाऊ, असा अर्थ आपणच त्याच्या मनात पक्का ठसवितो. आणि मग एके दिवशी हसतमुखाने म्हणतो, ‘चल, तुझे केस कापू या.’ मुलाने पळ काढू नये तर काय करावे! आमच्या मातोश्रींचे वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी हे ऐकले मात्र, आणि म्हणाल्या, “जावळ कापायचे असे म्हणतात का कधी? जावळ काढायचे, उतरवायचे.” जुन्या बायकांच्या बोलण्यातील हा विवेक आपण अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेतो. त्या दिवा विझवीत नाहीत, शांत करतात. नारळ फोडीत नाहीत, वाढवितात. बांगडी फुटत नाही, ती वाढते. अमंगळ शब्द तोंडून जाऊ नये एवढाच त्यात हेतू असेल. परंतु त्याच शब्दाचा दोन वर्षांच्या पोराला किती आधार होतो, ते आम्ही प्रत्यक्ष पाहिले. त्या दिवसापासून घरात ‘कापणे’ बंद झाले. टोपी उतरवितात, सदरा उतरवितात, तसे जावळही उतरवितात. बाळाला त्यात भिण्याजोगे काही दिसले नाही.

दाभोळास आम्ही मुहूर्तापूर्वी बारा दिवस गेलो. वशिष्ठीच्या मुखाशी, उत्तर तीरावर वसलेले हे आमचे गाव. एके काळी येथल्या बंदरात अरबस्तान-इराणची गलबते लागत, १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते लुटून जाळले. पुढे गाळाने व काळाने त्याचे वैभव नेले. अलीकडच्या लोकांना दाभोळ ठाऊक असते ते वीज कंपनीच्या नावामुळे, आणि गंमत अशी की तो कारखाना दाभोळास नाहीच. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलीच्या बाजूस. असो. ही जागा मुलांना मात्र फार मानवते. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट चालते. माणसे, मोटारी, दुचाक्या, सारे एकदम पोटात घेऊन ती पलीकडे जाते. धक्क्यावर बसून ती पाहणे हे बाळाचे सकाळ-संध्याकाळचे काम झाले.

आगरात नारळ सोलण्याचे काम चालले होते. पहारेवर नारळ आपटून गडी सोडण काढतो आणि देवापुढे ठेवण्याच्या नारळाला शेंडी तेवढी राखतो. बाळ हे टक लावून पाहत होता. आम्ही एक शेंडीचा नारळ त्याच्या हाती दिला व त्याचे तीन डोळे दाखविले. पुढचे त्यानेच केले. नारळाला मांडीवर घेतले, पाणी लावले, आणि ‘रडू नको हं’ असे म्हणून त्याची शेंडी विंचरू लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास बोथट टोकाची कागद कातरावयाची लहान कात्री दिली. आमच्या देखत, नारळाच्या शेंडीचे दोन-चार धागे त्याने उतरविले. नारळ रडला नाही. नारळाला बाऊ झाला नाही. हा शोध त्याने घरातल्या प्रत्येकास स्वतंत्रपणे जाऊन सांगितला. पुढे आठ दिवस आमच्या ओटीवर नारळांचे केशकर्तनालय चालले होते, आणि कित्येक नारळ देवाच्या कामाचे राहिले नाहीत, याबद्दल आमच्या घरातून तक्रारही झाली.

भीती घालविण्याचे खरे मर्म मात्र आम्हांस चंडिकेच्या देवळात सापडले. हे स्थान गुहेत आहे. आत विजेचा दिवा नाही, समयांच्या उजेडात वाकून जावे लागते. मोठी माणसेही पहिल्यांदा बिचकतात. सूनबाईंनी बाळास आत नेण्यापूर्वी बाहेरच सांगितले, “आता काळोख लागेल. मग आपण वाकायचे. मग आई दिव्यापाशी दिसेल. मग बाहेर यायचे.” बाळ हात धरून आत गेला व प्रत्येक वळणावर स्वतःच म्हणू लागला, “आता वाकायचे... आता दिवा...” जे पुढे येणार ते ठाऊक असले आणि ओळखीचा हात हातात असला, की काळोखाचे मुलास तितके भय वाटत नाही. तेव्हापासून आम्ही रोज जेवताना जावळाची गोष्ट त्याच चालीवर सांगू लागलो: आधी आईच्या मांडीवर बसायचे, मग कोमट पाणी, मग लोणी, मग बाबा बट उतरवणार, मग मामाच्या मांडीवर. गोष्टीत ‘मुळीच दुखणार नाही’ असे आम्ही म्हणत नसू. दुखण्याचे नाव काढले की मूल दुखण्याचाच विचार करते. पाणी गार लागेल, मानेला गुदगुल्या होतील, केस अंगाला टोचतील, हे खरे तेवढे सांगावे.

घरात वाद झाला तो निराळ्याच मुद्द्यावर. पूर्ण गोटा करावयाचा तर वस्तरा हवा. आणि मूल हलले तर? ‘घट्ट धरले म्हणजे झाले,’ असे आमच्या वडील बंधूंचे मत. ‘वस्तऱ्याने काढले की केस दाट येतात,’ हे वहिनींचे. या दुसऱ्या समजुतीविषयी बोलावयाचे तर, मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच प्रयोग करून दाखविले आहे की, वस्तरा फिरविल्याने केसांची वाढ वा जाडी बदलत नाही. टोक बोथट झाल्याने ते राठ भासतात इतकेच. मूळ कातडीखाली, वरच्या कापणीची वार्ता त्यास कशी पोहोचावी? तिसरे वर्ष मात्र शहाणपणाचे खरे, कारण टाळू बहुधा दीड वर्षाच्या आत, क्वचित दोन वर्षांपर्यंत, भरून येते; तोवर त्या ठिकाणी पोलाद न नेलेलेच बरे.

‘घट्ट धरण्या’चा प्रश्न मातोश्रींनी निकालात काढला. आम्हां सर्वांची समजूत होती की, जुन्या वळणाच्या म्हणून त्या बंधूंची बाजू घेतील. त्या रात्री पडवीत बसून त्यांनी जे सांगितले ते आम्ही आजवर कधी ऐकले नव्हते. त्यांची एक आत्या तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. मातोश्रींच्या लहानपणी दर पंधरा दिवसांनी न्हावी मागील दारी येई, आत्या लाल आलवण सावरून न्हाणीजवळ बसे, आणि मुलींना घरात कोंडून ठेवीत. पहिल्या दिवसाची हकीकत आत्याने पुढे स्वतःच सांगितली होती: तिला चौघींनी धरले होते; धरणाऱ्यांत तिची आई होती. “तिला वस्तऱ्याचे काही वाटले नव्हते म्हणे,” मातोश्री म्हणाल्या, “आईचे हात तेवढे ती मरेपर्यंत विसरली नाही. या घरात डोके धरून कोणाचे केस निघायचे नाहीत. मग ते जावळ असो नाही तर काही असो.”

त्यावर बोलण्यासारखे कोणापाशी काही नव्हते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरविले. १८९३ साली आमच्याच दापोली तालुक्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाने त्यांस बहिष्कृत केले. हे सर्व आम्ही पुस्तकांत वाचलेले. ते आमच्या मागील दारापर्यंत येऊन गेले होते, हे आम्हांस त्या रात्री कळले.

दुसरे दिवशी आम्ही आश्वलायनांचे सूत्र काढून वाचले, आणि आश्चर्य वाटले. चौलाचा विधी पाहावा तर सगळी मुलाच्या तयारीचीच योजना! मूल आईच्या मांडीवर. थंड व ऊन पाणी एकत्र करून ते कोमट करावयाचे. लोणी किंवा दह्याचे थेंब घेऊन डोके भिजवावयाचे. एकवीस कुश हाती घेऊन बापाने दक्षिणेस राहावयाचे. प्रत्येक बटेत तीन कुश ठेवून, उजवीकडे चार वेळा व डावीकडे तीन वेळा, मिळून सात बटा उतरवावयाच्या. कुशाला प्रार्थना याचे रक्षण कर म्हणून, आणि शस्त्राला प्रार्थना याला इजा करू नको म्हणून. उतरलेले केस शमीच्या पानांसह आईच्या हाती द्यावयाचे व तिने ते गोमयावर ठेवावयाचे. शेवटी न्हाव्यास आज्ञा: कोमट पाण्याने, जखम न करता, नीट कर. धरून ठेवा असे कोठेही नाही. मुलींचे चौल अमंत्रक करावे असे सांगितलेले आहे. म्हणजे कोमट पाणी व लोणी त्यांनाही आहे, प्रार्थना तेवढी नाही. ही वाटणी आम्हांस मुळीच रुचत नाही, आणि पुढील खेपेस घरात कन्या आली तर तिच्या वेळी शस्त्रास मोठ्याने विनवावे, असे सूनबाईंशी आमचे ठरले आहे.

आमच्या पलीकडच्या मोहल्ल्यातील एका स्नेह्यांशी यावर बोलणे निघाले तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांच्याकडे अकीक्याच्या वेळी, बहुधा सातव्या दिवशी, बाळाचे केस उतरवून त्यांच्या भारंभार रुपे दान करतात. काही यहुदी घराण्यांतही मुलाचे केस तीन वर्षे राखून मग समारंभाने उतरवितात. या कोवळ्या केसांत जे काही आहे असे माणसास वाटते, ते सर्वत्र सारखेच दिसते.

आता न्हाव्याविषयी. या कुटुंबाच्या मागल्या पिढ्या आमच्या घरी येत, वर्षाकाठी ठरलेले भात नेत. हल्लीच्या गृहस्थांचे बाजारात दुकान आहे, आरसे व फिरत्या खुर्च्या आहेत. तरी आमच्या विनंतीवरून ते आजोबांची धोकटी घेऊन आले. मुहूर्ताच्या आदल्या दिवशीच आले, हे विशेष. नुसतेच ओटीवर बसून चहा घेतला, धोकटी उघडून कंगवा, ब्रश, तुरटीचा खडा एकेक करून बाळापुढे मांडले, आणि ब्रश त्याच्या हाती दिला. बाळाने त्यांच्याच गालास फेस लावला. तेवढ्यात गुहागरहून फेरीबोटीने आलेल्या मामाने ओटीवर बसून स्वतःचे केस उतरवून घेतले. वस्तऱ्यास पाते नवे कोरे घालावयाचे, ते आमच्या देखत पुडी फोडून, असे आम्ही सुचविण्यापूर्वीच त्यांनी सांगितले. एकाचे पाते दुसऱ्यास लावल्याने कावीळ आणि त्याहून भयंकर रोग रक्तावाटे पसरतात, हे आता दाभोळात सर्वांस ठाऊक आहे. “यंत्र आणलेले नाही,” ते म्हणाले, “त्याला आवाज नको असे कळले म्हणून.”

मुहूर्ताच्या सकाळी मूल भुकेले वा झोपाळलेले नसावे म्हणून त्यास आधीच मऊ भात भरविला. सात बटा निर्विघ्न उतरल्या. उजवीकडच्या चौथ्या बटेस बाळाने स्वतःच मोजले, “चार!” आणि डावीकडच्यांस पुन्हा “एक” पासून आरंभ केल्यावर उपाध्यायही हसू लागले. नंतर मामाच्या मांडीवर, न्हाव्यापुढे. उजवी बाजू झाली, मागची झाली, आणि तेथे बाळ म्हणाला, “आता पुरे.”

सर्वजण एकमेकांकडे पाहू लागले. बंधूंचे हात पुढे झाले होते, ते त्यांनी आपणच मागे घेतले. पाहुणे जेवावयास यावयाचे, छायाचित्रे काढावयाची, आणि उत्सवमूर्तीचे डोके एका बाजूस गुळगुळीत व दुसऱ्या बाजूस जंगल! वहिनी कुजबुजल्या, “अर्धवट ठेवणे बरे का?” मातोश्री आतून म्हणाल्या, “सात बटा मुहूर्तावर निघाल्या. उरलेल्यांना मुहूर्त लागत नाही. त्याला खाली सोडा.”

बाळ खाली उतरला तो सरळ आगरात गेला. दिवसभर तो तसाच हिंडला. संध्याकाळी धक्क्यावरही तसाच आला, आणि बोटीतून उतरणाऱ्या लोकांनी हसून पाहिले तेव्हा त्याने त्यांस आपली गुळगुळीत बाजू वळवून दाखविली. रात्री निजताना त्याने आरसा मागितला, दोन्ही बाजूंवरून हात फिरविला, आणि “ही टोचते,” असे डाव्या बाजूविषयी सांगितले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच न्हावी पुन्हा आले. त्यांचे दुकान उघडण्यापूर्वीचा वेळ. बाळ नारळ कडेवर घेऊन बाहेर आला, मामाच्या मांडीवर बसला, नारळास आपल्या मांडीवर बसविले, आणि डावी बाजू पुढे केली. दहा मिनिटांत काम झाले. कानामागे थोडे हुळहुळले तेव्हा ओठ काढला, पण रडला नाही. न्हाव्यास धोतरजोडी, नारळ व दक्षिणा दिली. नारळाविषयी बाळाने हरकत घेतल्यामुळे तो बदलून दुसरा द्यावा लागला. शमीच्या पानांसह राखलेले जावळ सूनबाईंनी आगरातल्या नव्या माडाच्या मुळाशी पुरले. मातोश्री काठी टेकीत तेथवर आल्या होत्या. त्यांनी बाळाच्या उघड्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, आणि ऊन चढले तेव्हा स्वतःच्या पदराने ते झाकून त्याला घरात नेले.